आधी पाय बघा, मग खिसा: फुटबॉलचा रेफ्री कार्डचा रंग नेमका ठरवतो कसा

टॅकल झाला, म्हणजे बॉल काढून घ्यायला कुणी पाय घातला, आणि प्लेयर पडला की चारी बाजूंनी एकच ओरड सुरू होते, पिवळं की लाल, म्हणजे ताकीद की मैदानाबाहेर? मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजच्या आणि क्लबच्या मॅचेसना शिटी वाजवतोय आणि नवीन रेफ्रींना पहिल्याच दिवशी सांगतो की हा प्रश्न तुमच्या डोक्यात सगळ्यात शेवटी आला पाहिजे. त्याच्या आधी चार-पाच प्रश्न असतात, ते ठरलेल्या क्रमाने विचारले की रंग आपोआप समोर येतो. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी रंग ठरवला आणि मग कारण शोधायला लागलो, की चुका सुरू होतात. कारण मग प्लेयर किती जोरात ओरडला, कोच किती उड्या मारतोय, मागच्या फाऊलला आपण काय दिलं होतं, असल्या गोष्टी निर्णयात शिरतात.

फुटबॉलचे एकूण १७ नियम आहेत, ते आयएफएबी ही संस्था ठरवते, आणि आपलं आजचं सगळं काम मुख्यतः १२व्या नियमातलं आहे. फाऊल आणि गैरवर्तन असा तो नियम. पुढचं सगळं त्याच्याच आधारावर आहे, फक्त मी ते मैदानावर ज्या क्रमाने डोक्यात चालतं त्या क्रमाने मांडतोय.

आधी कार्डाबद्दल दोन वाक्यं, कारण त्यातून कार्ड कशासाठी आहे ते कळतं. १९६६च्या वर्ल्ड कपमध्ये वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना क्वार्टर फायनलला जर्मन रेफ्री रुडॉल्फ क्राइटलाइनने अर्जेंटिनाचा कॅप्टन रॅटीनला बाहेर काढलं आणि तो जायलाच तयार होईना, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती. त्या वेळी रेफ्रींचं काम बघणारे इंग्लंडचे केन अ‍ॅस्टन गाडी चालवत घरी जाताना ट्रॅफिक सिग्नल बघत होते आणि त्यांना सुचलं की पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब, हे जगात कुणालाही कळतं. १९७०च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं आली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघालं नाही, वर्ल्ड कपमधलं पहिलं लाल १९७४ला चिलीच्या कार्लोस कासेलीला मिळालं. म्हणजे कार्ड मुळात आलं ते निर्णय सगळ्यांना कळावा म्हणून, निर्णय त्याच्या आधीच झालेला असतो.

पहिली पायरी: दिसायला हवं

निर्णय चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण नियम माहीत नसणं हे नाहीये, नीट दिसलंच नाही हे आहे. बॉलच्या अगदी मागे सरळ रेषेत उभं राहिलात तर समोर फक्त पाठी दिसतात, दोघांच्या मधली जागा दिसत नाही, आणि सगळा खेळ त्या मधल्या जागेत असतो. म्हणून थोडं बाजूला, दोघांच्या मधून आरपार दिसेल असा अँगल घ्यायचा. साधारण १० ते १५ मीटर अंतर बरं पडतं. फार जवळ गेलात तर पाय दिसतो पण हात दिसत नाही, आणि तुम्ही पासच्या वाटेत येता ते वेगळंच.

२०१०च्या वर्ल्ड कप फायनलला नेदरलँड्सच्या डी योंगने स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीत स्टड्ससकट (बुटाच्या तळाचे खुंट) लाथ घातली आणि रेफ्री हॉवर्ड वेब यांनी पिवळं दिलं. नंतर त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलं की मध्ये प्लेयर आल्याने त्यांना नीट दिसलं नव्हतं आणि ते लालच होतं. जगातल्या सर्वोत्तम रेफ्रींपैकी एक, आणि अडचण काय तर मध्ये एक माणूस आला. त्यामुळे तुम्हाला नाही दिसलं यात लाज काही नाही, पण पुढच्या वेळी दोन पावलं डावीकडे सरकायची सवय लावून घ्यायची.

आणि दुसरी सवय, बॉल गेला तरी नजर तिथेच एक-दोन सेकंद ठेवायची. १९८२च्या सेमी फायनलमध्ये पश्चिम जर्मनीचा गोलकीपर शूमाकर धावत आलेल्या फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला की त्याचे दात पडले, मणक्याला दुखापत झाली, तो बेशुद्ध होऊन बाहेर गेला. बॉल तोवर पुढे निघून गेला होता. फाऊलसुद्धा दिला गेला नाही, गोल किकने खेळ सुरू झाला. शॉट मारून झाल्यानंतर, पास सोडून झाल्यानंतर जो धक्का बसतो तोच बहुतेक वेळा सगळ्यात धोक्याचा असतो, कारण ज्याने बॉल सोडलाय त्याचं अंग सैल झालेलं असतं.

दुसरी पायरी: हा फाऊल आहे की गैरवर्तन, की दोन्ही

हे दोन शब्द लोक एकच समजतात. फाऊल म्हणजे खेळ चालू असताना, मैदानात, समोरच्या टीमच्या प्लेयरविरुद्ध केलेली चूक (हँडबॉल पण यातच धरा), त्याची शिक्षा फ्री किक किंवा पेनल्टी. गैरवर्तन म्हणजे ज्याला कार्ड लागतं ते, आणि ते खेळ थांबलेला असताना होऊ शकतं, स्वतःच्या टीममेटशी होऊ शकतं, रेफ्रीशी होऊ शकतं, बेंचवरून होऊ शकतं. २०१९पासून तर कोच आणि बाकी स्टाफलाही कार्ड दाखवता येतं.

म्हणून चार शक्यता झाल्या: काहीच नाही, फक्त फाऊल, फक्त कार्ड (गोल केल्यावर जर्सी काढली, तिथे फाऊल कुठला आलाय), आणि फाऊल अधिक कार्ड. डोक्यात हे दोन कप्पे वेगळे ठेवा. खेळ कशाने सुरू करायचा हा एक निर्णय आणि प्लेयरला काय द्यायचं हा दुसरा. नवीन रेफ्री पेनल्टी दिली म्हणून कार्ड द्यायलाच हवं असं समजतात, तसं अजिबात नसतं, साधा फाऊल बॉक्समध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी एरियात) झाला तरी साधाच असतो.

तिसरी पायरी: तीन शब्द

धक्का, लाथ, अडवणं, टॅकल, उडी मारून आदळणं या सगळ्यांसाठी नियमात तीन पातळ्या आहेत आणि सगळा डोलारा यांच्यावर उभा आहे.

निष्काळजी: प्लेयरने लक्ष दिलं नाही, अंदाज चुकला, उशीर झाला. फ्री किक, कार्ड नाही.
बेदरकार: समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नाही. पिवळं.
अति जोर: गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताकद लावली किंवा समोरच्याच्या जिवाला, हातापायाला धोका केला. लाल.

गाडीचं उदाहरण देतो, मला स्वतःला हे असंच समजलं होतं. ब्रेक लागायला जरा उशीर झाला आणि पुढच्या गाडीला टेकली, हा निष्काळजीपणा. सिग्नल पिवळा झालाय, माणसं रस्ता ओलांडतायत आणि तरी दामटली, हे बेदरकार. गर्दीत फुल स्पीडने घुसवली, मग कुणाला लागलं नाही तरी गुन्हा तोच.

शेवटचं वाक्य परत वाचा, कारण इथेच दोन मोठे गैरसमज अडकलेत. पहिला, "त्याला काही लागलंच नाही, मग लाल कसं?" धोका निर्माण केला की झालं, पाय मोडायची वाट बघायची नसते. आणि याच्या उलटही खरं आहे, कधी कधी साध्या निष्काळजी टॅकलमध्ये घोटा विचित्र वळतो आणि मोठी दुखापत होते, तिथे स्ट्रेचर बघून लाल कार्ड काढायचं नाही. दुसरा, "मुद्दाम नव्हतं केलं सर." टॅकलमध्ये मुद्दाम की चुकून हा प्रश्नच येत नाही. मनात काय होतं ते कुणाला दिसतं? पायाने काय केलं ते दिसतं.

चौथी पायरी: टॅकल वाचायचा कसा

आता हा भाग सावकाश वाचा, कारण बाकी सगळं पाठ करून येतं पण हे बघून बघूनच येतं.

सगळ्यात आधी संपर्काची जागा. पाऊल पावलाला लागलं, घोट्याला, नडगीला, की गुडघ्याला? जसजसं वर जातं तसतसा धोका वाढतो, पण घोट्यावर वजन टाकून बसलेला पाय नडगीला घासून गेलेल्या पायापेक्षा वाईट असू शकतो. मग कशाने लागलं, बुटाची बाजू, पंजा, की स्टड्स? स्टड्स समोर आणि गुडघा ताठ, म्हणजे पाय काठीसारखा सरळ, हे दोन एकत्र दिसले की मी आतून सावध होतो, कारण ताठ पायात सगळ्या शरीराचा जोर उतरतो, तर वाकलेला गुडघा तो जोर खाऊन टाकतो.

मग वेग आणि अंतर. किती लांबून आला? दोन पावलांवरून पाय घातला की सात-आठ मीटर धावत येऊन उडी घेतली? दोन्ही पाय जमिनीवरून सुटले असतील तर त्याचा स्वतःवरच कंट्रोल उरलेला नाही, मध्येच त्याला थांबताच येणार नाही. एक पाय असो की दोन, समोरून असो बाजूने असो की मागून, नियमात तिन्ही दिशा लिहिल्यात, फक्त मागून केलं म्हणून आपोआप लाल असं काही नाही.

आणि बॉल. बॉल खेळता येण्यासारखा होता का? बॉल निघून गेल्यावर किती उशिरा पोचला? इथे तिसरा गैरसमज, मैदानावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा: "सर, बॉल घेतला ना!" बॉल आधी घेतला हे त्याच्या बाजूने एक गोष्ट म्हणून धरा, पण बॉल घेऊन पुढे तोच पाय पूर्ण जोराने नडगीवर जात असेल तर बॉलने त्याला माफी मिळत नाही.

शेवटी, त्याने शेवटच्या क्षणी काय केलं? पाय मागे खेचायचा प्रयत्न केला का, पंजा खाली वळवला का? जो प्लेयर चूक लक्षात येऊन पाय आवरतो त्याचा जोर खरोखर कमी होतो, आणि तो फरक दिसतो. मी स्वतः दोन रंगांच्या मध्ये अडकलो की हेच आठवतो, पाय आला तो थांबत आला की वाढत आला.

हातांचंही असंच. हेडरला उडी मारताना हात वर जाणारच, कुणीही हात बांधून उडी मारत नाही. हात तोल सांभाळायला वापरला, जागा अडवायला वापरला, की हत्यारासारखा? मूठ वळलेली आहे का, कोपर मागे बघून मारलंय का? तोल सांभाळताना लागला तर बहुतेक वेळा नुसता फाऊल, पर्वा न करता फिरवला तर पिवळं, चेहऱ्यावर जोराने मारला तर लाल.

पाचवी पायरी: अटॅक मोडला का

इथवर आपण फक्त धोका बघितला. आता दुसरी पट्टी लावायची, ती म्हणजे या फाऊलने समोरच्याचं काय हिरावलं. नुसती जर्सी ओढली, कुणाला काही लागलं नाही, तरी गोल गेला असेल तर शिक्षा मोठी.

दोन पातळ्या आहेत. चांगला अटॅक मोडला तर पिवळं. आणि नक्की गोलची संधी हिरावली तर, रेफ्री लोक याला डॉग्सो म्हणतात, मूळ शिक्षा लाल. डॉग्सोसाठी नियमात चार गोष्टी बघायला सांगितल्यात: फाऊल झाला तिथून गोल किती लांब, खेळ एकंदर कुठल्या दिशेने चालला होता, अटॅकरच्या कंट्रोलमध्ये बॉल होता किंवा येणार होता का, आणि डिफेंडर किती व कुठे होते. "लास्ट मॅन" असा शब्द नियमात कुठेच नाही. शेवटचा डिफेंडर असला तरी अटॅकर कॉर्नर फ्लॅगकडे पळत असेल तर लाल होत नाही, आणि दोन डिफेंडर मागे असले पण पोचूच शकणार नसतील तर लाल होऊ शकतं. चारपैकी एका जरी गोष्टीवर तुमचा ठाम हो येत नसेल, तर तो चांगला अटॅक होता, नक्की संधी नव्हती, पिवळ्यावर थांबा.

बॉक्समध्ये झालं तर मात्र थोडं बदलतं. पूर्वी पेनल्टीही, लालही, आणि पुढच्या मॅचची बंदीही, अशी तिहेरी शिक्षा होत होती आणि ती जड वाटत होती, म्हणून २०१६ला नियम बदलला. आता बॉक्समध्ये डॉग्सो झाला, पेनल्टी दिली, आणि डिफेंडर खरोखर बॉल खेळायचा प्रयत्न करत होता, तर पिवळं. पण त्याने ओढलं, ढकललं, धरून ठेवलं किंवा बॉल खेळायची शक्यताच नव्हती, तर लालच. चांगला अटॅक मोडण्यालाही हाच न्याय, बॉक्समध्ये बॉलसाठी जाऊन चूक झाली तर पेनल्टी पुरेशी, कार्ड नाही. बॉक्सच्या बाहेर ही सवलत नाही, म्हणून रेषेच्या एक इंच आत-बाहेरने रंग बदलू शकतो, आणि म्हणून तिथे असिस्टंट रेफ्रीकडे एक नजर टाकाच.

हँडबॉलचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल, २०१०च्या वर्ल्ड कपला घानाविरुद्ध उरुग्वेच्या सुआरेझने एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटाला गोललाइनवर हाताने बॉल अडवला. लाल आणि पेनल्टी, नियमाप्रमाणे तंतोतंत. घानाच्या ग्यानची पेनल्टी क्रॉसबारला लागली, घाना शूटआऊटमध्ये हरलं आणि आजही लोक म्हणतात रेफ्रीने अन्याय केला. मला घानाबद्दल मनापासून वाईट वाटतं, पण रेफ्रीकडे न झालेला गोल द्यायचा अधिकारच नाही, जास्तीत जास्त जे देता येतं ते दिलं होतं. २०२४पासून यात आणखी एक फरक झालाय, हात मुद्दाम लावलेला नव्हता पण पेनल्टी झाली आणि गोलची संधी गेली तर पिवळं, मुद्दाम असेल तर लाल. हो, हँडबॉलला मात्र मुद्दाम की नाही हे बघावं लागतं, टॅकलसारखं नाही.

सहावी पायरी: बॉलसाठी नसलेली मारामारी

बॉलसाठी लढताना अति जोर लावला तर तो गंभीर फाऊल, आणि बॉलचा संबंधच नसताना मारलं किंवा मारायचा प्रयत्न केला तर हिंसक वर्तन. दोन्ही लाल, पण रिपोर्टमध्ये वेगळं लिहायचं असतं. हिंसक वर्तनात नेम चुकला तरी लालच, कारण प्रयत्नही मोजला जातो. डोक्यावर किंवा चेहऱ्यावर मुद्दाम हात मारला तर लाल, फक्त जोर अगदी नगण्य असेल तरच सूट. चावणं आणि थुंकणं याला जोर बिर काही बघायचा नाही, थेट लाल.

इथे खरी परीक्षा नजरेची असते. १९९८ला इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये सिमेओनेने बेकहॅमला मागून पाडलं, शिटी वाजली, आणि पालथा पडलेल्या बेकहॅमने पाय मागे उचलून त्याला मारला. रेफ्री किम मिल्टन निल्सन अगदी जवळ होते आणि बघत होते. सिमेओनेला पिवळं, बेकहॅमला लाल. फाऊलची शिटी वाजवल्यावर बरेच रेफ्री लगेच फ्री किकची जागा दाखवायला वळतात, आणि उट्टं काढणारी लाथ नेमकी तेव्हा बसते. शिटी वाजवा, तिकडे चालत जा, दोघं उठून वेगळे होईपर्यंत पाठ फिरवू नका.

आणि नाहीच दिसलं तर आपल्या रेफ्रींच्या टीमला विचारा. २००६च्या फायनलमध्ये झिदानने मातेराझ्झीच्या छातीत डोकं मारलं तेव्हा बॉल दुसरीकडे होता, रेफ्री एलिझोंडो यांनी ते बघितलंच नव्हतं. फोर्थ ऑफिशियल, म्हणजे मैदानाबाहेर बसणारे चौथे रेफ्री, कॅन्टालेहो यांनी हेडसेटवर सांगितलं आणि लाल निघालं. तुमच्याकडे हेडसेट नसला तरी असिस्टंटपाशी जाऊन विचारता येतं, फक्त त्याने स्वतः काय पाहिलं तेवढंच विचारा. प्लेयरचा दंगा बघून अंदाजाने लाल कधीच काढू नका.

सातवी पायरी: बाकीची पिवळी

यावर फार वेळ घालवत नाही कारण यादी सरळ आहे. फ्री किकला बॉल लांब मारणं, घेऊन पळणं, सुरू करायला मुद्दाम उशीर करणं. फ्री किकच्या बॉलपासून ९.१५ मीटरचं अंतर न सोडणं, थ्रो-इनला हेच अंतर २ मीटर. परवानगीशिवाय मैदानात येणं किंवा मुद्दाम बाहेर जाणं. खोटं पडून रेफ्रीला फसवणं. गोलनंतर जर्सी काढणं, आणि तो गोल नंतर रद्द झाला तरी पिवळं राहतं. हात हवेत फिरवून टीव्ही चेकची मागणी करत राहणं.

खोट्या डाइव्हबद्दल मात्र एक सांगतो. पडला आणि फाऊल नाही, म्हणजे डाइव्हच असं नाही. तो घसरू शकतो, तोल जाऊ शकतो, लागेल म्हणून आधीच उडी घेऊ शकतो. संपर्क शून्य होता किंवा त्याने स्वतःच पाय नेऊन अडकवला हे स्पष्ट दिसलं तरच पिवळं, नाहीतर खेळ चालू ठेवा.

वाद घालण्याचं जरा अवघड, कारण तिथे आपला स्वभाव मध्ये येतो. मी स्वतःसाठी ठरवलेली रीत अशी: तोंडातून निघून गेलं आणि तो वळून खेळायला लागला, तर मीही सोडून देतो. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, हातवारे केले, किंवा लांबून धावत अंगावर आला, तर पिवळं. आणि शिवी, अपमान, जातीवरून वंशावरून बोलणं याला पिवळ्याची पायरीच नाही, लाल, मग ते रेफ्रीला असो, समोरच्याला असो की स्वतःच्याच टीममेटला. आता बऱ्याच स्पर्धांमध्ये फक्त कॅप्टननेच येऊन बोलायचं अशी पद्धत वापरतात, युरो २०२४ला आपण पाहिलं. ती लहान मॅचेसनाही फार उपयोगी पडते, टॉसच्या वेळीच दोन्ही कॅप्टनना सांगून ठेवा.

आठवी पायरी: मोजत राहा

वारंवार फाऊल करणाऱ्याला पिवळं असतं, पण किती फाऊलनंतर ते नियमात लिहिलेलं नाही, मुद्दाम नाही लिहिलेलं. दहा मिनिटांत तीन आणि नव्वद मिनिटांत तीन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी दुसऱ्या फाऊलला बोलून ठेवतो, तिसऱ्याला जागा बोटाने दाखवतो, इथे, तिथे आणि आता इथे, म्हणजे पुढच्या वेळी पिवळं निघालं की कुणाला आश्चर्य वाटत नाही. एकाच चांगल्या प्लेयरला तिघं-चौघं आळीपाळीने पाडतायत असं दिसलं तर कॅप्टनला बोलावून सांगून टाका की पुढचा जो असेल त्याला कार्ड.

आणि पहिली दहा मिनिटं. २००६ला न्यूरेंबर्गमध्ये पोर्तुगाल-नेदरलँड्स मॅचला १६ पिवळी आणि ४ लाल निघाली, चारही लाल दुसऱ्या पिवळ्याची (एकाच प्लेयरला दोन पिवळी म्हणजे लाल). सातव्याच मिनिटाला बोलाहरूझने रोनाल्डोच्या मांडीत स्टड्स घातले होते, पिवळं मिळालं, रोनाल्डो पहिल्या हाफमध्येच बाहेर गेला. तिथे लाल निघालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं असं मला ठामपणे वाटतं. "अजून लवकर आहे" हे कारण नियमात नाही. दुसऱ्या मिनिटाला लाल असेल तर दुसऱ्या मिनिटाला लाल.

तसंच आधीचं पिवळं असलेल्या प्लेयरसाठी पट्टी बदलायची नाही. दुसरं पिवळं द्यायला मन कचरतं, माझंही कचरतं. तेव्हा मी स्वतःला विचारतो, याला आधी कार्ड नसतं तर आत्ता पिवळं दिलं असतं का? हो असेल तर संपलं.

नववी पायरी: अ‍ॅडव्हांटेज

फाऊल झाला पण बॉल त्याच टीमकडे राहिला आणि पुढे चांगली संधी आहे, तर शिटी न वाजवता दोन-तीन सेकंद थांबून बघा. संधी नाही जमली तर मागे येऊन फ्री किक देता येते. कार्ड हरवत नाही, बॉल पुढच्या वेळी थांबला की द्यायचं, पण नंबर तोंडाने पुटपुटत राहा, नाहीतर विसरतो. टॅकल बेदरकार होता तर अ‍ॅडव्हांटेजनंतरही पिवळं कायम. पण फक्त अटॅक मोडला म्हणून जे पिवळं होतं ते अ‍ॅडव्हांटेज दिल्यावर उरत नाही, कारण अटॅक मोडलाच नाही, आणि याच कारणाने डॉग्सोचं लालही राहत नाही. लाल कार्डाचा टॅकल किंवा दुसरं पिवळं होणार असेल तर सहसा अ‍ॅडव्हांटेज देऊच नका, अगदी समोर मोकळा गोल असेल तरच. ज्याला बाहेर जायचंय तोच मध्ये पुढच्या बॉलसाठी भिडला तर मैदान पेटतं.

दहावी पायरी: कार्ड दाखवणं

लाल आणि पिवळं वेगवेगळ्या खिशात ठेवा, घाईत चुकीचं निघतं. प्लेयरला गर्दीतून बाजूला घ्या, आधी नंबर लिहा, मग हात सरळ वर. त्याच्या नाकासमोर कार्ड नाचवायचं नाही. वाकून, बोट दाखवून लेक्चर देऊ नका, एक वाक्य पुरे: "उशिरा आलास, नडगीवर आलास." चिडलेल्या माणसाकडे धावत जाऊ नका, चालत जा, त्या चार सेकंदांत तुमचंही डोकं शांत होतं. एकदा कार्ड द्यायचं ठरवलं आणि प्रक्रिया सुरू केली की ती पूर्ण होईपर्यंत खेळ सुरू होऊ देऊ नका.

लिहिण्यात चूक झाली तर काय होतं बघा. २००६ला क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया मॅचमध्ये ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी दाखवली तेव्हा तो बाहेर गेला. दुसरं पिवळं त्यांनी चुकून ऑस्ट्रेलियाच्या ३ नंबरपुढे लिहिलं होतं, शिमुनिचचा नंबरही ३च होता. म्हणून वहीत दोन टीमचे दोन वेगळे रकाने हवेत, आणि प्रत्येक कार्डानंतर असिस्टंटशी नजरानजर करून नंबर पक्का करायचा.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मदत करणारा असिस्टंट रेफ्री, असेल तर? तो २०१८च्या वर्ल्ड कपला आला तेव्हा गोल, पेनल्टी, थेट लाल आणि चुकीच्या प्लेयरला कार्ड अशा चारच गोष्टींसाठी आला, आणि अट अशी की चूक स्पष्ट आणि उघड हवी. स्क्रीनवर स्लो मोशन बघताना एक काळजी घ्यावी लागते, स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल क्रूर वाटतो. संपर्क कुठे झाला ते स्लोमध्ये बघायचं, जोर किती होता ते नेहमीच्या स्पीडला.

शेवटची पायरी: रिपोर्ट

मॅच संपली, अंघोळ झाली, की त्याच दिवशी बसून लिहा. सुरुवातीच्या काळात मी एका लाल कार्डाच्या रिपोर्टमध्ये "प्लेयरने अत्यंत वाईट वर्तन केले" एवढंच लिहिलं होतं. शिस्त समितीने मला बोलावून विचारलं, म्हणजे नक्की काय केलं? मला आठवत होतं पण कागदावर नव्हतं, आणि त्यांना कागदावरूनच ठरवायचं होतं, तो प्लेयर सगळ्यात कमी शिक्षेवर सुटला. ज्याला कोपर बसलं होतं तो पोरगा पुढचे काही आठवडे खेळला नाही. तेव्हापासून मी विशेषणं लिहीत नाही. मिनिट, नंबर, बॉल कुठे होता, मी किती मीटरवर होतो, मध्ये कुणी होतं का, शरीराचा कुठला भाग कुठे लागला, किती जोराने, समोरच्याचं पुढे काय झालं, आणि शिवी दिली असेल तर ती जशीच्या तशी, अक्षरन् अक्षर, लिहायला कितीही अवघड वाटलं तरी.